आधी गाठ, मग पापणी

पत्राचा सारांश: एका ६१ वर्षांच्या वाचक भगिनींच्या उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर दोन वर्षांपासून गाठ आहे. ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती रांजणवाडी समजून शेकली, मलमे लावली. पुढे तिच्यावर खपली धरू लागली, खपली निघाली की थेंबभर रक्त येऊ लागले आणि तेवढ्या भागातले पापणीचे केस गळाले. बायोप्सीत ‘बेसल सेल कार्सिनोमा’ हा त्वचेचा कर्करोग निघाला. गाठ ९ मिलिमीटर रुंद आहे. सर्जनने सांगितले आहे की आधी गाठ काढायची, कडांमध्ये आजार उरला नसल्याचा अहवाल येईपर्यंत दोन-तीन दिवस जखम पट्टीखाली ठेवायची, आणि मग वरच्या पापणीच्या आतला भाग खाली आणून नवी पापणी तयार करायची. त्यानंतर सुमारे चार आठवडे तो डोळा बंद राहील आणि दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने उघडला जाईल. भगिनींना उघड्या जखमेची धास्ती वाटते आणि चेहरा विद्रूप होईल अशी भीती वाटते. सर्जनला ‘थोडेच कापा’ अशी विनंती करावी की गाठ आहे तशी राहू द्यावी, या पेचात त्या आहेत. मुलाच्या मते हा चेहऱ्याचा प्रश्न असल्यामुळे कॉस्मेटिक सर्जनकडे जावे, आणि एका नातेवाइकाने शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार सुचवले आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “तसा माझा डावा डोळा लहानपणापासून अधूच आहे, पण तो वेगळा विषय. डॉक्टरांनाही मी त्याबद्दल काही बोलले नाही.”

उत्तर:

तो वेगळा विषय नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. गाठ उजव्या डोळ्याला आहे, त्यामुळे डाव्या डोळ्याचा इथे काय संबंध, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण सुचवलेल्या शस्त्रक्रियेत उजवा डोळा काही आठवडे बंद राहणार आहे, आणि तेवढे दिवस चालणे, जिने उतरणे, औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचणे हे सगळे एकट्या डाव्या डोळ्याच्या भरवशावर करावे लागणार आहे. नवी पापणी कोणत्या पद्धतीने करायची, हे या एका माहितीने बदलू शकते. तिच्याकडे मी परत येणार आहे, पण त्याआधी तुमच्या बाकीच्या शंका पाहू, कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पत्रावरून मी तुमचा डोळा तपासू शकत नाही, आणि तुमच्या सर्जनने जे पाहिले आहे ते मी पाहिलेले नाही. तरीही पापण्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तुम्ही विचारलेले प्रश्न मला बहुतेक प्रत्येक रुग्णाने, कधी तोंडाने तर कधी नुसत्या चेहऱ्याने, विचारलेले आहेत.

गाठ तशीच राहू दिली तर काय होईल, हे तुम्ही जरा संकोचून विचारले आहे. संकोचण्याचे कारण नाही, प्रश्न रास्त आहे. बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो आणि शरीरात इतरत्र पसरण्याचे त्याचे प्रमाण अत्यंत कमी आहे. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी किंवा घरच्यांशी नीट बोलण्यासाठी दोन-तीन आठवडे घेतले, तर त्याने काही बिघडत नाही. पण हा आजार जिथे असतो तिथे हरळीसारखा वागतो. वर दिसते ती जुडी लहान असते, मुळ्या मात्र मातीखालून कुठवर गेल्या आहेत ते खणल्याशिवाय कळत नाही. पापणीची कड, अश्रू नाकात वाहून नेणारी नलिका आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर डोळ्यामागची खोबण, असा त्याचा प्रवास असतो, आणि खोबणीपर्यंत पोहोचलेल्या आजारात काही रुग्णांचा डोळाच काढावा लागतो. गाठ दुखत नाही यावर विसंबता येत नाही, कारण या आजारात दुखणे हे सहसा फार उशिरा येणारे लक्षण आहे.

वाट पाहण्याची किंमत एका साध्या बेरजेतून कळेल. खालच्या पापणीची लांबी साधारण ३० मिलिमीटर असते. तुमची गाठ ९ मिलिमीटरची आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी निरोगी दिसणारा ४-४ मिलिमीटर भाग काढायचा म्हटला तर एकूण १७ मिलिमीटर होतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त पापणी. हीच गाठ ३ मिलिमीटरची असती तर ११ मिलिमीटर काढून भागले असते, आणि साठीतली सैल झालेली पापणी पाहता दोन्ही कडा एकमेकींजवळ आणून, बाहेरच्या कोपऱ्यात थोडी ढील देऊन, बहुधा थेट टाके घालता आले असते. गेलेल्या दोन वर्षांबद्दल तुम्हाला खंत वाटावी म्हणून हे सांगत नाही. शेक घेणारे आणि मलम लावणारे असंख्य लोक अगदी याच समजुतीत असतात. सांगायचे एवढेच की आणखी एक वर्ष थांबलात, तर हीच बेरीज मोठ्या आकड्यांनी करावी लागेल.

आता ‘थोडेच कापा’ या विनंतीकडे येऊ. तिच्यामागची इच्छा मला मनापासून पटते, कारण पापणीवर मिलिमीटरदेखील मोलाचा असतो. मात्र कमी कापण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सर्जनने केवळ भिडेखातर नजरेच्या अंदाजाने कमी कापले, तर मागे पेशी राहिल्या की नाहीत हे कोणालाच कळणार नाही. त्या राहिल्या असतील आणि त्यांच्यावर नवी पापणी शिवली गेली असेल, तर आजार नव्या कातडीखाली झाकून वाढत राहतो, उशिरा लक्षात येतो आणि लक्षात येतो तेव्हा दुरुस्तीसाठी वापरायची आजूबाजूची कातडी एकदा खर्ची पडलेली असते. ही कातडी म्हणजे मोजके भांडवल आहे. ते पहिल्याच खेपेला योग्य कामी लावावे लागते.

दुसरा मार्ग तपासून कापण्याचा आहे. फ्रेडरिक मोझ या अमेरिकी सर्जनने १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत गाठ पातळ थरांनी काढतात, प्रत्येक थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे आजार उरलेला दिसेल तेवढ्याच जागेचा पुढचा थर काढतात. त्यामुळे निरोगी भाग जास्तीत जास्त वाचतो. ही सोय सगळीकडे नसते. तिच्याऐवजी ‘फ्रोझन सेक्शन’ करता येतो, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच कडांचे तुकडे गोठवून पॅथॉलॉजिस्ट तासाभरात अंदाज देतात. तुमच्या सर्जनने निवडलेला मार्ग आणखी वेगळा आहे: नेहमीच्या पद्धतीने तपासणी पूर्ण होऊ द्यायची आणि अहवाल हातात आल्यावरच दुरुस्ती करायची. तेव्हा सर्जनला ‘कमी कापा’ असे सांगण्याऐवजी ‘कडा कशा तपासणार आहात, आणि माझ्या बाबतीत कमीत कमी भाग काढून खात्री देणारी पद्धत उपलब्ध आहे का’ असे विचारा. तुमची इच्छा तीच राहील, आणि तिला उत्तरही मिळेल.

यावरून तुमच्या लक्षात येईल की दोन-तीन दिवस जखम तशी ठेवण्यात हयगय नसून खबरदारी आहे. ऐकायला ते भयंकर वाटते हे मान्य. प्रत्यक्षात डोळ्यात भरपूर मलम घालून वर जाड पट्टी बांधलेली असते, जेणेकरून बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुकणार नाही. चेहऱ्याचा, आणि त्यातही पापण्यांचा, रक्तपुरवठा इतका चांगला असतो की काही दिवस थांबल्याने पुढच्या दुरुस्तीचे सहसा नुकसान होत नाही. पट्टी सैल झाली, डोळ्यात टोचू लागले किंवा रक्त थांबेना, तर मात्र सकाळची वाट न पाहता कळवायचे असते. तो दूरध्वनी क्रमांक घरी जाण्यापूर्वीच मागून घ्या.

मुलाच्या म्हणण्यामागे काळजी आहे, पण एक गृहीतकही आहे, ते म्हणजे पापणी हा चेहऱ्याच्या देखणेपणाचा भाग आहे. ती तेवढीच असती तर आपण सगळ्यांनीच हा निर्णय फार सोप्या रीतीने घेतला असता. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्याला लागणारा प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत घेतो, आणि तो थर दर मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पुसून पुन्हा सारखा पसरवण्याचे काम पापण्या करतात. खालची पापणी घट्ट उभी राहिली नाही, बाहेर वळली किंवा खाली ओढली गेली, तर डोळा नीट मिटत नाही, पाणी गालावर ओघळत राहते, कॉर्निया कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि नजर जाऊ शकते. म्हणून पापणीची दुरुस्ती करणाऱ्याने आधी विचार करायचा तो डोळा मिटेल का याचा आणि मगच ती कशी दिसेल याचा. सर्जनच्या नावापुढे कोणती पदवी आहे यापेक्षा पापणीच्या गाठी काढून पापणी पुन्हा बांधण्याचे काम तो नियमितपणे करतो का, हे मुलाला विचारू द्या. नेत्रशल्यचिकित्सक हे काम करतात आणि प्लास्टिक सर्जनही करतात.

आता तुम्हाला सुचवलेल्या शस्त्रक्रियेविषयी. पापणीला अस्तर लावलेल्या कापडासारखे दोन पदर असतात. बाहेरच्या पदरात अतिशय पातळ त्वचा आणि तिच्याखालचा स्नायू असतो. आतल्या पदरात टार्सस नावाची कडक पट्टी आणि तिला चिकटलेले ओले, गुळगुळीत अस्तर असते. नव्या पापणीला हे दोन्ही पदर हवेत, आणि त्यांपैकी निदान एक तरी स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आलेला हवा. दोन्ही पदर दुसरीकडून पूर्णपणे सोडवून आणले आणि एकावर एक ठेवले, तर जगण्यासाठी रक्त कोणाकडूनच मिळत नाही आणि दोन्ही वाळून जातात. या एका नियमाभोवती पापणीच्या सगळ्या शस्त्रक्रिया रचलेल्या आहेत.

तुमच्या सर्जनने सांगितलेली पद्धत वेंडेल ह्यूज यांनी १९३७ मध्ये मांडली आणि पुढच्या सुधारणांसह ती आजही जगभर वापरली जाते. वरच्या पापणीतला टार्सस मध्यभागी साधारण १० मिलिमीटर उंच असतो. त्याचा कडेलगतचा निदान ४ मिलिमीटर भाग जागेवर ठेवून वरचा भाग सोडवतात, अस्तराच्या देठासकट खाली सरकवतात आणि खालच्या पापणीच्या रिकाम्या जागेत शिवतात. त्याच्यावर बाहेरचा पदर म्हणून बहुधा दुसऱ्या वरच्या पापणीची किंवा कानामागची त्वचा लावतात. आतल्या पदराला रक्त वरून, त्या देठातून मिळत राहते, आणि देठ बुबुळासमोरून जातो म्हणून डोळा बंद राहतो. खालच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरल्या की तो पूल कापायचा असतो.

तो पूल कापण्याची शस्त्रक्रिया लहान असते आणि बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होते. रुग्ण जागा असतो. देठाखालून एक खाचेची पट्टी सरकवतात, म्हणजे कात्रीचे टोक बुबुळाला लागत नाही, आणि दोन-तीन कापांत डोळा मोकळा होतो. त्या क्षणी टेबलावरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगू लागतो: वरचा दिवा, त्याच्या काचा, माझ्या टोपीची नाडी. मी ते अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी माझे हात क्षणभर थांबले आहेत. पण ज्यांच्या दुसऱ्या डोळ्याला चांगले दिसते, त्यांची ही गोष्ट आहे. ज्यांना त्या बंद डोळ्याशिवाय दुसरा आधार नाही, त्यांचे ते चार आठवडे फार वेगळे असतात, आणि म्हणूनच एकाच डोळ्यावर भिस्त असलेल्या रुग्णात ही पद्धत आम्ही शक्यतो टाळतो, किंवा निदान दहा वेळा विचार करून निवडतो.

पर्याय आहेत. आतला पदर सुटा कलम म्हणून आणता येतो, म्हणजे वरच्या पापणीतला टार्ससचा तुकडा किंवा तोंडातल्या टाळूवरचे अस्तर, आणि बाहेरचा पदर रक्तपुरवठ्यासकट शेजारून सरकवता येतो, गालावरून किंवा वरच्या पापणीच्या सैल त्वचेतून. यात रक्त बाहेरच्या पदरातून मिळते, बुबुळासमोर पूल राहत नाही आणि सुरुवातीची पट्टी निघाली की डोळा उघडा असतो. टार्ससचा तुकडा डाव्या पापणीतून घेता येईल का, हेही सर्जन पाहतील, कारण त्यात तुमच्या चांगल्या डोळ्याच्या वरच्या पापणीला हात लागत नाही. गेलेला भाग अर्ध्याच्या आसपास असेल, तर टेन्झेल यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने बाहेरच्या कोपऱ्याशेजारची त्वचा अर्धगोलात फिरवून उरलेली पापणी आत सरकवता येते. तुमच्या बेरजेतले १७ मिलिमीटर त्या मर्यादेच्या जरा पलीकडे आहेत. पण सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने काढताना हा आकडा कमी झाला, तर हा दरवाजाही उघडू शकतो. कडा कशा तपासणार, हा प्रश्न त्यामुळे तुमच्या बाबतीत दुप्पट महत्त्वाचा आहे.

या पर्यायांना स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्या मी झाकून ठेवणार नाही. गालावरून आणलेल्या त्वचेचा व्रण मोठा असतो, तिच्या वजनाने नवी पापणी पुढे खाली ओघळू शकते, सुटे कलम थोडे आक्रसते आणि टाळूवरची जखम काही दिवस गिळताना झोंबते. ह्यूज यांच्या पद्धतीत पापणी बरेचदा अधिक नेटकी बसते. त्यामुळे सगळे ऐकून घेतल्यावरही तुमचे सर्जन तीच पद्धत सुचवतील, आणि त्यात काही चूक असणार नाही. तसे झाले तर पूल किती लवकर कापता येईल हे विचारा. पूर्वी सहा ते आठ आठवडे थांबण्याची रीत होती. आता अनेक सर्जन तीन-चार आठवड्यांत कापतात आणि निवडक रुग्णांत दोन आठवड्यांच्या आतही कापल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून शस्त्रक्रियेआधी घरी एक गोष्ट करून पाहा. घरात कोणी सोबतीला असताना उजवा डोळा मिटून त्यावर स्वच्छ कापसाची घडी लावा आणि एक अख्खी सकाळ तशी काढा. डाव्या डोळ्याचा चश्मा असेल तर तो घाला. घड्याळ पाहा, फोनमधले नाव शोधा, पेल्यात पाणी ओता, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचा, जिना सोबतीच्या हाताला धरूनच उतरा. काय जमले आणि काय नाही ते दुपारी लिहून ठेवा. ‘अधू’ या एका शब्दापेक्षा तो कागद सर्जनला किती तरी जास्त सांगेल. त्याच भेटीत डाव्या डोळ्याची नीट तपासणी करून घ्या. लहानपणापासूनच्या कमजोरीत आता मोतीबिंदूची भर पडली असेल, तर त्या डोळ्याची नजर काही अंशी सुधारता येते, आणि मग कोणते काम आधी करायचे याचा विचार होऊ शकतो.

किरणोपचारांबद्दल थोडक्यात सांगते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी तो मार्ग आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण त्यात कडा तपासता येत नाहीत, आजार परत येण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा जास्त राहते, पापणीचे केस जाणे आणि डोळा कोरडा पडणे हे त्रास उरतात, आणि पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली तर किरण दिलेली त्वचा नीट भरून येत नाही. तुमच्या पत्रात शस्त्रक्रिया टाळण्याजोगे कारण मला दिसले नाही.

चेहऱ्याविषयी मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पट्टी पहिल्यांदा निघते त्या दिवशीची पापणी जाड, लालसर आणि अनोळखी दिसते. तिची कड आतल्या अस्तरासारखी गुलाबी असते, कलम लावलेल्या त्वचेचा रंग शेजारच्या त्वचेशी जुळत नाही आणि नव्या भागावर केस नसतात. ते पुढेही येत नाहीत. मी रुग्णांना त्या दिवशी आरसा नाकारत नाही, पण सोबत हेही सांगते की ही पापणी अजून पूर्ण झालेली नाही. सूज आधी उतरते, कडेचा लालपणा काही महिन्यांत मावळतो, व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. खालच्या पापणीचे केस मुळात विरळ आणि आखूड असल्यामुळे त्यांची उणीव समोरच्याला सहसा जाणवत नाही. तुम्हाला मात्र आरशात रोज जाणवेल, आणि त्याचे वाईट वाटले तर त्यात कोतेपणा काही नाही. कड जराशी खाली ओढली गेली किंवा खाच राहिली, तर पुढे छोटी दुरुस्ती करता येते, पण ती व्रण मऊ झाल्यावर. घाईने केलेली दुरुस्ती पुन्हा आक्रसते.

नंतरची काळजी कंटाळवाणी असते, पण तिच्यावर बरेच अवलंबून असते. सर्जनने परवानगी दिल्यावर, साधारण काही आठवड्यांनी, नव्या पापणीला रोज काही मिनिटे खालून वर, डोळ्याच्या दिशेने, हलक्या बोटाने मालिश करावी लागते. नेमकी दिशा आणि जोर त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. रात्री वंगणाचे मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रू बराच काळ लागू शकतात. धूम्रपान करत असाल किंवा तंबाखूची सवय असेल, तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून थांबवा, कारण सरकवलेली त्वचा जगते की नाही हे तिच्या बारीक रक्तवाहिन्या ठरवतात आणि तंबाखू त्याच आवळते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ती दिली आहे ते आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलू द्या. अश्रूंची नलिका कापली जाणार आहे का, हेही आधीच विचारा, म्हणजे नंतर डोळ्यातून पाणी आले तर ते अपेक्षित होते की नाही हे कळेल.

आणि अहवाल चांगला आला तरी तपासणी सोडू नका. सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी, निदान पाच वर्षे, ती जागा आणि उरलेल्या चेहऱ्याची त्वचा दाखवत राहा, कारण हा आजार एकदा झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. रुंद कडांची टोपी आणि गडद चश्मा उन्हात जाताना सवयीचा होऊ द्या.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. रांजणवाडी काही आठवड्यांत बरी व्हायला हवी. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी गाठ, तेवढ्याच भागातले गळलेले पापणीचे केस, न भरणारी खपली, किंवा एकाच डोळ्याला महिनोन्‌महिने राहणारी आणि औषधाने न हटणारी लाली असेल, तर शेक थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बायोप्सीची गरज आहे का ते विचारा. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग, सेबेशियस कार्सिनोमा, अगदी साध्या गाठीचे सोंग घेतो. तो बेसल सेलपेक्षा पुष्कळ घातक असतो, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड) पसरू शकतो, आणि आशियाई लोकांमध्ये पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा युरोपीय लोकांच्या तुलनेत बराच मोठा आहे. दुसऱ्यांदा काढलेली अशी कोणतीही गाठ तपासणीला पाठवल्याशिवाय टाकून देऊ देऊ नका.

तुमच्या पुढच्या भेटीला मुलाला सोबत न्या आणि प्रश्न लिहून न्या. बायोप्सीतला उपप्रकार कोणता, कडा कशा तपासणार, अंदाजे किती पापणी जाणार, अंदाजापेक्षा जास्त गेली तर दुसरा बेत काय, डोळा किती दिवस बंद राहणार, आणि तो उघडा ठेवून करता येईल अशी पद्धत माझ्यासाठी आहे का. पण या सगळ्याच्या वर, कागदाच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहा: “माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे.” आणि बसल्याबसल्या, तपासणी सुरू होण्याआधी, ती ओळ त्यांना वाचून दाखवा.